सात मिनिटं पुढं

टाइमबाईंना कुणी विचारलं, "ताई, किती वाजले?" की त्या लगेच उत्तर द्यायच्या नाहीत. मान वर करून आधी विचारायच्या, "कुठले सांगू? आतले का भायरचे?" नव्यानं कामाला लागलेल्या मुलीला वाटायचं, बाई चेष्टा करतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचं काही नसायचं. दुकानदारानं "लहान देऊ का मोठं?" असं विचारावं, तितक्या सरळपणे त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत थांबायच्या.

आमच्या कारखान्यात खरोखरच दोन वेळा चालत. एक फाटकाबाहेरची, सगळ्या जगाची. दुसरी फाटकाच्या आतली. सकाळी आतली वेळ बाहेरच्यापेक्षा सात मिनिटं पुढं असायची आणि संध्याकाळी तेवढीच मागं. त्यामुळं येताना आम्ही नेहमी उशिरा आलेल्या ठरायचो आणि जाताना नेहमी घाई करणाऱ्या. ही युक्ती मॅनेजरसाहेबांची. पण रोज हातानं ती घडवून आणायचं काम टाइमबाईंचं होतं.

बारामतीच्या एमआयडीसीतला तो कपड्यांचा कारखाना. परदेशात जाणारे शर्ट आम्ही शिवायचो. मी इंदापूरकडच्या कळंबहून एस.टी.नं यायचे आणि स्टँडवरून वडापच्या जीपनं एमआयडीसी गाठायचे. सुरुवातीला लाईनवर कॉलरी जोडल्या, मग डोळे दुखायला लागले म्हणून मला स्टोअरला घेतलं. दोऱ्याच्या रिळी, बटणं, लेबलं मोजून द्यायची. स्टोअर आणि टाइम ऑफिस एकाच खोलीत होतं, मधे कमरेएवढी प्लायवूडची आडभिंत. त्या आडभिंतीच्या अलीकडे बसून मी काही वर्षं टाइमबाईंना पाहिलं.

त्यांचं नाव लता. माहेर निरवांगीचं. चाळिशी नुकतीच उलटलेली, अंगानं शिडशिडीत, केस इतके घट्ट बांधलेले की कपाळ ताणल्यासारखं दिसावं. बारावी झालेल्या आणि पुढं संगणकाचा कोर्स केलेला. टाइम ऑफिसातला संगणक त्यांच्या ताब्यात होता. फाटकावर आम्ही अंगठा लावायचो ती मशीन आणि कामाचा-सुट्टीचा हूटर, दोन्ही त्या संगणकाला जोडलेले. संगणक म्हणेल ती मशीनची वेळ, आणि मशीन म्हणेल ती आमची. मोबाईल फाटकावरच्या लाकडी खणांत ठेवून आत जावं लागायचं. हातातलं घड्याळ शिलाई मशीनमध्ये अडकतं म्हणून तेही बंद. म्हणजे आत गेल्यावर खरं-खोटं ताडून बघायला काही उरायचं नाही.

खरं तर संगणक स्वतःहून खोटं बोलणारा नव्हता. इंटरनेटला जोडलेला कुठलाही संगणक अधूनमधून एका टाइम सर्व्हरला, म्हणजे वेळ सांगणाऱ्या दूरच्या संगणकाला, विचारत असतो, किती वाजले, आणि येईल त्या उत्तराप्रमाणे स्वतःचं घड्याळ सरळ करून घेतो. कुणाला काही करावं लागत नाही. मॅनेजरसाहेबांनी बाईंना आधी हे विचारणंच बंद करायला लावलं. सेटिंगमध्ये एक बटण असतं, वेळ आपोआप घ्यायची की हातानं लावायची. ते हातानंवर आणलं. मग सकाळी फाटक उघडायच्या आधी घड्याळ पुढं आणि जेवणाच्या सुट्टीत, मशिनी शांत असताना, मागं.

पण त्या सर्व्हरचं बाईंना फार अप्रूप. संगणक बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी खोदून खोदून विचारून घेतलं होतं. मला एकदा बटणं मोजताना थांबवून सांगितलं, "सुनंदा, हे कसं करतं म्हाईत हाय का? हितनं सवाल गेला, तिथनं जवाब आला. पर येता-जाताना येळ जातोच की. जवाब हातात पडूस्तवर शिळा झालेला असतो. तर हे येण्या-जाण्याचा येळ धरतं आन् जवाब ताजा करून घेतं. एका क्षणाचंबी खोटं चालत न्हाय त्याला."

दुपारी सुट्टीत सगळ्या डबे उघडून बसल्या की त्या घटकाभर ते बटण आपोआपवर आणायच्या. पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे टचकन बदलायचे. बाई ते आकडे बघत बसायच्या आणि मग संध्याकाळसाठी पुन्हा मागं लावायच्या. मी विचारलं, "ताई, बदलायचंच हाय तर मधी हे कशाला?" म्हणाल्या, "तोंड धुतल्यावानी वाटतं."

बायका मॅनेजरसाहेबांना शिव्या देत नसत. साहेब काचेच्या केबिनमध्ये बसायचे, दिवसातून एकदा लाईनवरून फिरायचे, हसून बोलायचे. शिव्या टाइमबाईंच्या वाट्याला. त्यांना ऐकू जातील अशा बेतानं बायका खिडकीखालून बोलत जायच्या. त्या मान खाली घालून की-बोर्ड पुसत बसायच्या. की-बोर्ड सारखा पुसून त्यावरची अक्षरं उडाली होती.

उसाच्या हंगामात तर रोजचं रडगाणं. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालणार आणि एस.टी. त्यांच्यामागं रांगत येणार. अशाच एका सकाळी इंदापूरची रेश्मा फाटकाशी पळत आली. नवीनच लागली होती, थ्रेड कटिंगला. तिच्या पोराला ताप होता, त्याला आईजवळ ठेवून आली होती. ती पोचायला आणि हूटर व्हायला एकच गाठ पडली. वॉचमननं फाटक ओढलं. हूटरनंतर आलेल्या बाईला अर्धा दिवस बाहेर, हा नियम.

"बगा की वो, माज्या मोबाईलात अजून टाइम हाय!" रेश्मा मोबाईल गजांतून आत धरून म्हणत होती.

"मशीन काय म्हणतीया त्ये बगायचं, बाई. मोबाईल कोण इचारतंय?" वॉचमन तिच्याकडं न बघता म्हणाला.

तेवढ्यात रेश्माला आमची खिडकी दिसली. ती मोठ्यानं ओरडली, "टाइमबाई, तुमच्या घरात कुणी आजारी पडत न्हाय का वो?"

आख्ख्या लाईनीनं ते ऐकलं. जुन्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. रेश्माला बिचारीला ठाऊक नव्हतं.

टाइमबाईंचं घर कारखान्याच्या आवारातच होतं, जनरेटरच्या मागं, पत्र्याची एक खोली. त्या खोलीत त्यांचा नवरा खाटेवर पडून होता. आम्ही त्यांना वायरमनदादा म्हणायचो. कारखान्याचेच वायरमन. शेडवर चढून वायर ओढताना पत्रा फुटला आणि ते खाली आले. कमरेपासून खालचं अंग गेलं. मालकांनी केस होऊ दिली नाही. दवाखाना बघितला, ही खोली दिली आणि बाईंना टाइम ऑफिसात बसवलं. बाई त्याबद्दल मालकांना कधी वाईट बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "उपकार हाय त्यांचा. त्यो फिटतबी न्हाय आन् सोडतबी न्हाय."

रेश्मा ओरडली तशा त्या खुर्चीवरून उठल्या, खोलीकडं गेल्या, दादांची कूस बदलून परत आल्या. ते त्यांचं ठरलेलं काम होतं, काही वेळानं जाऊन कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. आमच्यासारख्या बाकीच्या संध्याकाळी हूटर झाला की फाटकाबाहेर सुटायच्या. त्यांना फाटकाबाहेर काम नव्हतं. महिनेच्या महिने त्या आवाराबाहेर पडत नसत. भाजी आणि दादांची औषधं मी बारामतीतून आणून द्यायचे. पिशवी घेताना त्या भाजीकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघायच्या.

"कॅनॉलला पाणी आलं का गं? डाळिंबं फुटली का तुमच्याकडची? वाटंत त्ये लिंबाचं झाड हाय, त्ये तोडलं म्हनं रस्त्यासाठी?" मी सांगायचे. त्या ऐकताना मधेच डोळे मिटायच्या.

दादा खाटेवरून हूटर ऐकायचे. उशाशी मोबाईल असायचा, त्यांना खरी वेळ कळायची. मी पिशवी द्यायला गेले की कधी कधी हसून म्हणायचे, "काय वो सुनंदाबाई, आज आमच्या लतीनं किती पुढं पळवलं?" बाई भांडी घासत असायच्या, त्यांचा हात क्षणभर थांबायचा. मला म्हणाल्या होत्या, "ह्यांनी एकदा रागवायला पायजे व्हतं. रागावले असते तर मी सोडलं असतं. हे हसत्यात. त्यास्नी म्हाईत हाय, ही खोली कशावर उभी हाय."

रेश्माच्या त्या दिवसानंतर एक गंमत सुरू झाली. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली आहे असं वॉचमनच्या बोलण्यातून कळलं, की त्या सकाळी संगणक 'आपला आपण' खरी वेळ घ्यायचा. हूटर सात मिनिटं उशिरा व्हायचा, म्हणजे बरोबर वेळेवर. बायका धापा टाकत आत यायच्या, अंगठा लावायच्या, मशीन हिरवी व्हायची. मॅनेजरसाहेब केबिनमधून तरातरा यायचे.

"बाई, हे काय?"

"मी न्हाय केलं सायेब. रातच्याला अपडेट आलं. त्यानं सोताच वरनं घेतलं."

हे अगदीच खोटं नव्हतं. कधी कधी अपडेटनंतर संगणक जुनी सेटिंग्ज विसरतो. पण आमच्या संगणकाला अपडेट नेमकं उसाच्या ट्रॅक्टरांबरोबर यायचं. मी आडभिंतीच्या अलीकडं खाली वाकून बटणांच्या डब्यात तोंड घालायचे. बाईंना हसताना मी फारसं पाहिलं नाही, पण त्या दिवसांत त्यांचं कपाळ थोडं सैल दिसायचं.

फार दिवस चाललं नाही. साहेबांनी संगणकाची इंटरनेटची वायरच काढून नेली. "आता बघू कुठून घेतोय." झालं भलतंच. संगणक जुना, आतला सेल उतरलेला. लाईट गेली की त्याचं घड्याळ भरकटायचं. एके दिवशी हूटर जेवणाच्या अर्धा तास आधीच वाजला आणि सगळ्या लाईनी डबे घेऊन उठल्या. साहेब लालबुंद. बाई शांतपणे म्हणाल्या, "सायेब, सात मिनिटं पुढं लावायचं तर आधी बरोबर किती वाजले त्ये कळाय पायजे. खोटं बोलायलाबी खरं ठावं लागतं." साहेबांनी वायर परत आणून दिली. पण त्या दिवसापासून सकाळी फाटक उघडायच्या वेळी ते स्वतः बाईंच्या खुर्चीमागं उभे राहायला लागले. ट्रॅक्टरांचं अपडेट बंद पडलं. बाईंना आता की-बोर्ड पुसायलासुद्धा मागं बघावं लागायचं.

मग तपासणी आली. आमचे शर्ट घेणारी परदेशातली कंपनी कारखान्याकडं माणसं पाठवायची, बायकांना कसं वागवतात ते बघायला. आठवडाभर आधी भिंतींना रंग, संडासात साबण, प्यायच्या पाण्याला नवे नळ. आणि बाईंना हुकूम, "तपासणी होईपर्यंत वेळ आपोआप." ते दिवस बायका नुसत्या उडत होत्या. सकाळी पळावं लागत नव्हतं, संध्याकाळी एस.टी. चुकत नव्हती. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

तपासायला आलेली मुलगी पुण्याची. चष्मा लावलेली, पाठीला सॅक, बोलायला मऊ. ती खुर्ची ओढून टाइमबाईंच्या शेजारी बसली. घड्याळाचं सेटिंग उघडून बघितलं. मॅनेजरसाहेब दारात उभे राहून पंख्याकडं बघत होते.

"ही वेळ इंटरनेटवरून येते?" तिनं विचारलं.

"व्हय."

"नेहमी?"

"व्हय."

"कधी हातानं बदलता का, ताई?"

बाईंच्या समोर खिडकी होती. खिडकीतून जनरेटर दिसायचा आणि त्यामागं दोरीवर वाळत घातलेल्या दादांच्या चादरी. बाई तिकडंच बघत होत्या.

"न्हाय मॅडम," त्या म्हणाल्या. "त्ये आपलं आपण घेतं वरनं."

ती मुलगी लगेच उठली नाही. चष्मा काढून ओढणीला पुसला, परत लावला आणि अगदी हळू आवाजात, दाराकडं पाठ करून म्हणाली, "नक्की?"

"नक्की."

मुलगी उठली. साहेब तिला चहाला घेऊन गेले. बाई अजून चादरींकडंच बघत होत्या. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी न पिताच म्हणाल्या, "तिनं दोनदा इचारलं गं."

तपासणी झाली, साहेब खुशीत होते. "बाई, उद्यापासून पहिल्यासारखं," म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा बाई माऊसवर हात ठेवून बसलेल्या. पडद्यावर सेटिंग उघडलेलं. साहेब मागं उभे.

"चला बाई, फाटक उघडायचंय."

"व्हत न्हाय सायेब."

"काय होत नाही? बिघडला का संगणक?"

"संगणकाला काय न्हाय झालं. माजा हात व्हत न्हाय. तुमी लावा."

साहेबांना वाटलं असावं, बाई आता रडतील, पगार मागतील, काहीतरी मागतील. बाईंनी काहीच मागितलं नाही. खुर्ची मोकळी करून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. साहेबांनी स्वतः बसून घड्याळ पुढं केलं. त्यांना बटण सापडायला वेळ लागला आणि त्या दिवशी फाटक उशिराच उघडलं.

पुढच्या आठवड्यात बाईंना थ्रेड कटिंगला टाकलं. शर्टाचे लोंबणारे दोरे दिवसभर उभ्यानं कापायचे. खोली मात्र गेली नाही, कारण ती मालकांच्या शब्दावर होती. मॅनेजरला तिला हात लावता येत नव्हता, आणि त्यामुळंच बाईंना कारखानाही सोडता येत नव्हता. ज्या बायकांना त्यांनी वर्षानुवर्षं उशिरा ठरवलं, त्यांच्याच टेबलाशी आता उभं राहायचं होतं. पहिल्या दिवशी कुणी जागा केली नाही. बाई कात्री हातात घेऊन टेबलाच्या टोकाला उभ्या. शेवटी रेश्मा बाजूला सरकली. तिनं आपल्यासमोरच्या ढिगातले थोडे शर्ट त्यांच्यापुढं ढकलले.

टाइम ऑफिसात असताना त्यांना दादांकडं सारखं जाता यायचं. लाईनवरून जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागायचं. दादांच्या पाठीला जखमा झाल्या. त्या हिवाळ्यात ते गेले. मी खोलीत पोचले तेव्हा बाई त्यांचे पाय चोळत होत्या, ज्या पायांना कित्येक वर्षांत काही कळलं नव्हतं ते पाय. मला बघून म्हणाल्या, "काल मला म्हणत व्हते, लते, लई दिस अडकवली तुला. म्या म्हणलं, तुमी न्हाय वो अडकवलं. ऐकलं का न्हाय, कुणास ठावूक."

तेरावं झाल्यावर खोली खाली करायला सांगण्यात आलं. सामान एका टेम्पोच्या कोपऱ्यात मावलं. निरवांगीला भाऊ होता, त्याच्याकडं निघाल्या. फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर त्या थोडा वेळ रस्त्याच्या कडेला नुसत्याच उभ्या राहिल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा कुठं वर चढल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "ये कधी गावाकडं." आणि टेम्पो गेला.

वर्षभरात कारखान्यात अंगठ्याच्या नव्या मशिनी आल्या. परदेशातल्या कंपनीनंच तसं घालून दिलं होतं म्हणे. प्रत्येक मशीनमध्ये स्वतःचं सिमकार्ड. वेळ ती थेट सर्व्हरकडून घेते, कारखान्यातल्या कुठल्या संगणकाला विचारत नाही. साहेबांनी बसवणाऱ्याला बाजूला घेऊन विचारून बघितलं, तो म्हणाला, हातानं बदलायची सोयच नाही यात. अशी ती सात मिनिटं गेली. कुणी भांडलं नाही, कुणी जिंकलं नाही. साहेबांनी मग चहाची सुट्टी कमी केली, ती गोष्ट वेगळी.

मला वाटलं, हे बाईंना आपणच जाऊन सांगावं. निरवांगीला मावसबहिणीकडं हळदीकुंकू होतं, त्या निमित्तानं गेले. बाई भावाच्या शेडमध्ये भेंडी निवडत बसल्या होत्या. बारीक एका क्रेटमध्ये, जून बाजूला. भावजय मोटर चालू करायला जाता-जाता म्हणाली, "बसा वो, पर त्यास्नी लई बोलण्यात घालू नका, गाडी यील मालाची." केस तसेच घट्ट बांधलेले, हातांना भेंडीच्या कुसांनी खाज सुटलेली.

मी सगळं सांगितलं. नव्या मशिनी, सिमकार्ड, साहेबांचा उतरलेला चेहरा. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी भेंडी निवडायची थांबवली नाही.

निवडता निवडता विचारलं, "ती चष्म्याची पोरगी परत आली व्हती का गं?"

"न्हाय ताई. दर खेपेला दुसरंच कोणतरी येतं."

"तिचा नंबर असंल का कुणाकडं?"

"माझ्याकडं न्हाय. कशाला पायजे?"

त्यांनी एक भेंडी हातात धरली, मोडून बघितली, जून निघाली म्हणून बाजूला टाकली.

"आता हे न्हाईत, खोली न्हाय, कुणाचं काय न्हाय," त्या म्हणाल्या. "आता इचारलं तर मी खरं सांगीन. पर आता कोण इचारतंय?"

बाहेर मालाची गाडी आली होती. भावजयीनं हाक मारली आणि बाई क्रेट उचलून उभ्या राहिल्या.